घरची शाळा : गाई किती, बगळे किती ?

कोडीं घालण्याची चाल आपल्या घरांतून अजून पार नाहींशी झालेली नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. दिवेलागणीनंतर आजी-आजोबांच्या भोंवतीं नातवंडें जमलीं, कीं एखादें तरी कोडें निघतेंच. त्यांपैकीं जनावरें मोजण्याचें कोडें सर्वांच्या परिचयाचें आहे. कुरणांत कांहीं गाई चरत आहेत, व त्यांच्या पायांशीं किडे टिपीत कांहीं बगळे हिंडत आहेत. डोकीं मोजलीं तर ३६ भरतात. पाय मोजले तर १०० भरतात. तर गाई किती व बगळे किती ?

हें कोडें हंसतखेळत सोडविणारें मूल दोन वर्षांनीं वरच्या इयत्तेंत जातें. तेथें फळ्यावर "गाईंची संख्या क्ष मानूं" असें वाक्य पडतें, आणि त्याच मुलाचा चेहरा उतरतो. जें आजीपाशीं आपलें होतें, तें शाळेंत परकें कां व्हावें ? हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं. बीजगणिताच्या उंबरठ्यावर जें मूल बिचकतें, तें पुष्कळदां "मला गणित येत नाहीं" हें वाक्य जन्मभर बाळगतें. आणि त्या एका वाक्यानें यंत्रविद्या, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र अशीं कितीतरी दारें त्याच्यापुरतीं बंद होतात. तीं उघडीं ठेवण्याचें काम घरांत बसल्या बसल्या होण्यासारखें आहे. तें कसें, हें आज पाहूं.

प्रथम तोंडी रीत घेऊं. क्षणभर असें समजा कीं कुरणांत एकही गाय नाहीं, सगळे बगळेच आहेत. मग ३६ डोक्यांचे पाय ७२ झाले. पण मोजलेले पाय १०० आहेत; म्हणजे २८ पायांचा हिशेब लागत नाहीं. एक बगळा काढून त्याच्या जागीं एक गाय उभी केली, तर दोन पाय वाढतात. २८ पाय वाढविण्यास १४ गाई लागतील. उरलेले २२ बगळे. आतां ताळा पाहा : गाईंचे पाय ५६, बगळ्यांचे ४४, मिळून १००. उत्तर बरोबर.

याहून झटपट अशी एक युक्ति आहे. पायांचे अर्धे करावे व त्यांतून डोकीं वजा करावीं. बाकी राहील तितक्या गाई. १०० चे अर्धे ५०, त्यांतून ३६ गेले, उरले १४. ही युक्ति फार जुनी आहे. चीन देशांत इसवी सनाच्या तिसऱ्या ते पांचव्या शतकांच्या दरम्यान रचलेल्या सुन् त्झू याच्या गणितग्रंथांत ती सांपडते. तेथें एका पिंजऱ्यांत रानपक्षी व ससे कोंडलेले आहेत. डोकीं ३५ व पाय ९४. उत्तर, २३ पक्षी व १२ ससे. जपानांत हेंच कोडें गेलें, तेव्हां पक्ष्याच्या जागीं क्रौंच व सशाच्या जागीं कासव आलें, कारण हीं दोन्ही त्या लोकांत दीर्घायुष्याचीं चिन्हें मानलीं जातात. कोडें तेंच राहिलें. जनावरें मात्र ज्या त्या देशाचीं झालीं.

युक्ति कां चालते, हें मुलास अवश्य सांगावें. प्रत्येक प्राण्यानें आपले अर्धे पाय वर उचलले अशी कल्पना करा. बगळा तर एका पायावर उभा राहण्यांत पटाईतच आहे. गाईनें दोन पायांवर उभें राहण्याची कृपा करावी. आतां भूमीवर ५० पाय उरले. दर डोक्यामागें एक पाय याप्रमाणें ३६ बाजूस काढले. जे १४ उरले, ते गाईंचेच दुसरे पाय होत.

परंतु युक्तीवर भिस्त ठेवणाऱ्यानें एक दिवस जनावरें बदलून पाहावीं. अडगळीच्या खोलींत मुंगळे व कोळी मिळून १० आहेत आणि त्यांचे पाय ६८ आहेत. मुंगळ्यास पाय सहा, कोळ्यास आठ. जुन्या युक्तीनें ६८ चे अर्धे ३४, त्यांतून १० वजा, राहिले २४. दहा डोक्यांत चोवीस कोळी ! येथें मूल थबकतें, आणि तें थबकणें हीच शिकविण्याची खरी वेळ होय. युक्ति खोटी नव्हती. ती दोन व चार पायांपुरतीच होती. सर्व जनावरांना पुरेल अशी रीत हवी असेल, तर बीजगणिताकडेच गेलें पाहिजे.

बीजगणितानें नवें असें काय केलें ? जें ठाऊक नाहीं त्याला एक नांव दिलें, आणि तें ठाऊकच आहे अशा विश्वासानें त्याच्याशीं व्यवहार सुरू केला. कोळी क्ष आहेत असें म्हटलें, कीं मुंगळे १० − क्ष झाले. पायांचा हिशेब असा मांडला :

८क्ष + ६(१० − क्ष) = ६८

म्हणजे २क्ष + ६० = ६८; म्हणून क्ष = ४. कोळी चार, मुंगळे सहा. गाई-बगळ्यांचें कोडेंही याच सांच्यांत बसतें : ४क्ष + २(३६ − क्ष) = १००. यांतील २ × ३६ म्हणजे मघांचे ७२ पाय; आणि २क्ष = २८ ही ओळ म्हणजे तोच हिशेब न लागलेल्या २८ पायांचा प्रश्न. सारांश, मुलानें तोंडीं जें केलें, तेंच कागदावर उतरलें. निराळें असें कांहींच झालें नाहीं. एवढें त्याच्या ध्यानांत आलें, कीं अर्धें भय जातें.

उरलेलें भय त्या 'क्ष' अक्षराचें असतें. आपल्या पूर्वजांनीं अव्यक्त राशीला जें नांव दिलें, तें अधिक बोलकें होतें : यावत्तावत्, म्हणजे जितकें असेल तितकें. लिहितांना त्याचें पहिलें अक्षर 'या' तेवढें घेत. अव्यक्तें एकाहून अधिक असलीं, तर पुढच्यांस रंगांचीं नांवें देत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. घरांत मुलाला शिकवितांना 'या' घ्यावें, अथवा मूल म्हणेल तें नांव घ्यावें. नांव कोणतेंही चालतें, हें कळणें हाच निम्मा धडा आहे.

तथापि समीकरण सुटलें म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. या बाबतींत भास्कराचार्यांनीं आपल्या 'बीजगणित' ग्रंथांत (इ. स. ११५०) वानरांचें एक सुंदर उदाहरण दिलें आहे. कळपाचा पंचमांश घ्यावा, त्यांतून तीन वजा करावे, बाकीचा वर्ग करावा; तितकीं वानरें गुहेंत शिरलीं. एक वानर फांदीवर बसलेलें दिसतें. तर कळप केवढा ? पंचमांशाला 'या' म्हटलें, तर (या − ३)² + १ = ५या. यावरून 'या' १० तरी येतो, किंवा १ तरी. म्हणजे कळप ५० चा, अथवा ५ चा. पन्नासांचा ताळा पाहा : दहांतून तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, वर फांदीवरचें एक. ठीक. पांचांचा ताळाही अंकांनीं जुळतो. कारण उणे दोनाचा वर्ग चार, व त्यांत एक मिळवून पांच. पण एका वानरांतून तीन वानरें वजा कशीं करणार ? ऋण राशींचे नियम भास्कराचार्यांना उत्तम अवगत होते. तरी प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूंत ऋणाची लोकांस प्रतीति येत नाहीं, म्हणून हें दुसरें उत्तर त्यांनीं येथें घेतलें नाहीं. समीकरण आपलें काम चोख करतें; मात्र आलेलें उत्तर पुन्हा रानांत नेऊन वानरांशीं ताडून पाहणें हें माणसाचें काम आहे.

याच आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख ही गोष्ट सांगतो. आजोबांची विद्या नातवापर्यंत पोंचावी, ही व्यवस्था आपल्याकडे अशी जुनी आहे.

तेव्हां वडील मंडळींना विनंति एवढीच कीं, पहिल्या दिवशीं कोडें तोंडीं सोडवूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं जनावरें बदलून युक्ति मोडूं द्यावी. तिसऱ्या दिवशीं अव्यक्ताला नांव द्यावें. ताळा मात्र तिन्ही दिवस मुलाकडूनच करवावा; "बरोबर" हा शब्द आपण आधीं उच्चारूं नये. आणि "मुलीला हें कशाला ?" असें तर घरांत कोणीच म्हणूं नये. 'लीलावती'त आचार्य प्रश्न विचारतांना 'बाले' असेंही संबोधन योजतात, हें त्या वेळीं आठवावें.

आतां या महिन्याचें कोडें, तेंही भास्कराचार्यांचेंच. वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग केला, तर जितकीं होतील तितकीं वानरें वनांत खेळत आहेत. उरलेलीं बारा टेकडीवर आहेत. कळप केवढा ? उत्तरें किती येतात, आणि त्यांतील कोणतीं रानांत टिकतात, हें मुलांनीं स्वतः ताडून पाहावें. आपण शेजारीं बसावें, पण पेन्सिल त्यांच्याच हातीं असूं द्यावी.