नळाची धार आणि शेजारधर्म

वैशाखवणवा पेटला की विदर्भ-मराठवाड्यातील अनेक शहरांत भल्या पहाटे एक परिचित आवाज ऐकू येऊ लागतो. हा आवाज भूपाळीचा नसून घराघरांतील छोट्या मोटारींचा असतो. लोक ज्यांना ‘टिल्लू पंप’ म्हणतात ते हे पंप पालिकेच्या नळालाच थेट जोडलेले असतात. पालिकांचे नियम त्यांना मनाई करतात, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही ते लावले जातात, कारण नळाला धार नसते. दुखणे खरे आहे. मात्र त्यावरचे हे औषध एका घराचे दुखणे काढून साऱ्या आळीला लावणारे आहे.

वस्तुतः औषधाआधी निदान हवे. पाण्याचा दाब ही काही गूढ गोष्ट नव्हे. दहा मीटर उंचीवरून उतरणारे पाणी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब देते. गच्चीवरील टाकीलगतच्या मजल्यावर न्हाणीघरातील फवारा रडतो आणि तळमजल्यावर तोच जोमाने वाहतो, याचे कारण हेच. तेथे उपाय टाकीचा चौथरा उंच करण्याचा आहे.

मग पाहावे की, मंदावलेला नळ एकच आहे की सगळे? एकच असेल तर त्याच्या तोंडावरील जाळीत वाळू किंवा क्षार अडकलेला असतो. जाळी काढून धुतली की काम भागते. केवळ गरम पाण्याचीच धार बारीक असेल तर बंबात वा त्याच्या नळीत क्षार साचला असल्याचा संशय घ्यावा, कारण जड पाणी तापले की क्षार लवकर बसतो. सगळेच नळ मंद असतील तर टाकीच्या तळाचा गाळ, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह, किंवा टाकी रिकामी पडल्यावर नळीच्या उंचवट्यात अडकलेली हवा ही कारणे तपासावीत. जुन्या लोखंडी नळांत गंज चढतो. आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाने येणारे पाणी निम्मे होत नाही, ते सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. तेथे नळ बदलणे हाच खरा उपाय. सारे नळ बंद असतानाही मीटर फिरत असेल, तर वाट गळतीकडे जाते.

घर निर्दोष ठरले की शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्याच्याकडे जोर आहे आणि आपल्याकडे नाही, तर रस्त्यावरील आपली जोडणी तुंबलेली असण्याचा संभव अधिक. साऱ्या आळीचीच धार बारीक असेल तर दोष वाहिनीचा किंवा वेळापत्रकाचा. उन्हाळ्यात कूलरमुळे मागणी वाढते आणि नेमके तेव्हाच पुरवठ्याचे तास घटतात. दिवसभराचे पाणी सर्वांनी तास-दोन तासांत भरावयाचे म्हटल्यावर वाहिनीतील दाब घर्षणातच खर्ची पडतो. टोकाच्या घरांसाठी काही उरत नाही.

अशा वेळी लावलेला पंप पाणी निर्माण करीत नाही; तो शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढून घेतो. शेजारीही मग मोटार आणतो, आणि ज्याला ती परवडत नाही त्याची घागर कोरडी राहते. याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. ओढ जबर झाली की वाहिनीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. काविळीला आणि विषमज्वराला ही वाट पुरते.

नियम पाळणाऱ्यानेच कोरडे राहावे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. केवळ मोटारी जप्त करून त्याचे उत्तर मिळत नाही. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने एकमजली घरांसाठी ७, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर इतका किमान दाब सांगितला आहे. प्रत्येक वस्तीच्या टोकाला प्रत्यक्षात किती दाब पोहोचतो, हे पालिकांनी मोजून जाहीर करावे. अखंड पुरवठा हे स्वप्न नव्हे. कराडनजीकच्या लहानशा मलकापूरने मीटर बसवून तो करून दाखविला. हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांतही तो झाला, आणि तेथील पाण्याच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या भागांत जंतुदोष अधिक आढळला.

तोवर नागरिकाला सरळ मार्ग उपलब्ध आहे. नळाचे पाणी आपल्या वेगाने तळटाकीत पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीवर बसवावी. यात थोडा खर्च आहे, जागाही लागते. म्हणून आळीने मिळून ती बांधणे अधिक शहाणपणाचे. दाब कमी असल्याची लेखी तक्रारही आळीने एकत्रितपणे करावी. एकट्याच्या मोटारीने पालिकेची झोप मोडत नाही, शेजाऱ्याची मात्र मोडते.