शाळेच्या मतपेटीला कुलूप कोणी लावले?



बोनस एक टक्का कमी आला तर आपण गेटवर सभा घेतो. मालकाकडे पैशापैशाचा हिशेब मागतो. पण आपली पोरे ज्या शाळेत जातात, त्या शाळेचे हिशेबाचे पुस्तक आपल्यापैकी कितीजणांनी उघडून पाहिले आहे? मी स्वतः चौथी शिकलेला सूतगिरणीचा कामगार. मलाही ते कधी सुचले नव्हते.

शहाणी माणसे विचारतात, “शाळेच्या कारभारातले कामगाराला काय कळते?” अहो, काय कळते ते विलायतेत एकदा दिसले आहे. ऐका!

1870 साली इंग्लंडात कायदा झाला. जिथे शाळा कमी तिथे ‘स्कूल बोर्ड’ नेमायचे. नेमायचे म्हंजे वरून नव्हे, मतांनी! घरपट्टी भरणारे लोक दर तीन वर्षांनी बोर्ड निवडत. जितक्या जागा तितकी मते एकाला, आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराला टाकावी. म्हणून गावात जे थोडे असत त्यांचाही माणूस निवडून येई. पार्लमेंटचे मत नसलेल्या बायांना इथे मत होते, उभे राहता येत होते. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टरीण बाई 47 हजारांवर मते घेऊन आल्या.

1888 साली लंडनात आगकाड्यांच्या कारखान्यातल्या पोरींनी संप केला. त्यांची बाजू घेऊन लिहिणाऱ्या ॲनी बेझंट, होय, पुढे हिंदुस्थानात होमरूलचे निशाण उभारणाऱ्या त्याच, त्या वर्षी टॉवर हॅम्लेट्स या गरिबांच्या वस्तीतून बोर्डावर गेल्या. दुसऱ्याच वर्षी बोर्डाने ठरवले की शाळा बांधणाऱ्या कंत्राटदाराने कामगारांना रास्त दराने मजुरी दिली पाहिजे. शाळेच्या भिंतीतसुद्धा मजुराचा हक्क चिणला गेला!

आता ब्रॅडफर्ड बघा. लोकरीच्या गिरण्यांचे गाव. दहा-अकरा वर्षांची पोरे अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत, आणि शाळेत बाकावरच झोपायची. झोपणार नाहीत तर काय? 1894 साली मार्गारेट मॅकमिलन ही मजूर पक्षाची बाई तिथल्या बोर्डावर आली. तिने पुस्तकाआधी पोराचे अंग पाहिले. 1897 साली शाळेत न्हाणीघर झाले. पंडित मंडळींना हे सुचले नव्हते. न्हाऊ न घातलेले पोर ज्यांच्या घरात होते, त्यांच्या मतांवर आलेल्या बाईला सुचले.

आणि मग? बोर्डांनी मजुरांच्या पोरांना वरचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग काढले. तिथेच दुखले! कॉकर्टन नावाच्या सरकारी हिशेबतपासनिसाने 1899 साली लंडन बोर्डाचा हा खर्च बेकायदा ठरवला, कोर्टाने 1901 पर्यंत त्याची री ओढली. 1902 साली बाल्फोरच्या सरकारने अडीच हजारांवर बोर्डे मोडून शाळा कौन्सिलांच्या ताब्यात दिल्या. कौन्सिलेही मतांचीच होती, खोटे कशाला बोलू. पण तिथे गटार, रस्ता, दिवे यांच्या रांगेत शाळा एक खाते झाली. आणि कौन्सिलात उभे राहण्याचा हक्क तेव्हा बायांना नव्हता. मॅकमिलनबाई घरी!

कुणी म्हणेल, खुद्द जोतिरावांनी 1882 साली हंटर कमिशनला सांगितले होते की शाळांचा पैसा स्थानिक कमिट्यांच्या हाती देऊ नका. खरे आहे. पण त्या कमिट्यांवर कोण होते? पाटील, इनामदार, सरदार! कुणब्याच्या नि महारामांगाच्या मताने त्यातला एक तरी बसला होता काय?

आपल्याकडे 1947 च्या कायद्याची शिक्षण मंडळे होती. ती नगरसेवकांनी निवडलेली, आपल्याला थेट मत नव्हतेच. गणवेश नि बाके यांच्या खरेदीत काहींची अब्रू गेली, हेही झाकत नाही. पण चोर सापडला तर चोराला धरायचे की घरच पाडायचे? 2013 साली कायदाच रद्द करून मंडळे मोडीत काढली. आपण गप्प. 2022 च्या मार्चात मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार हाकला. त्या काळात पालिकेच्या शाळेची तक्रार घेऊन जायला नगरसेवकसुद्धा उरला नाही!

एक वाट मात्र उघडी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी नि पालिकेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात चारांत तीन माणसे पालकच हवीत, निम्म्या बाया हव्यात. शाळेचा आराखडा करणे, अनुदान कुठे गेले ते पाहणे हे तिचे काम.

मी अशा एका समितीवर आहे. सभा लागते सकाळी अकराला. पहिली पाळी असली की मी तेव्हा खात्यात, बायको दुसऱ्याच्या घरी भांड्याला. संध्याकाळी शिपाई वही घेऊन दारात येतो, “सही करा दादा.” दोनदा केली. तिसऱ्यांदा विचारले, काय ठरले ते वाचून दाखव. तो म्हणाला, ते नंतर लिहितात! मी वही परत पाठवली आणि मुख्याध्यापकांना अर्ज दिला: सभा रविवारी घ्या, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. अर्जावर अकरा पालकांच्या सह्या आहेत, त्यातल्या चार अंगठे आहेत. पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचे आहे.