कागद सरकारच्या कपाटात, पुराव्याचा बोजा नौसैनिकाच्या खांद्यावर

लोणावळ्याच्या डोंगरमाथ्यावर कुरवंड्याच्या वाटेला ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९४५ सालापासून उभी आहे. समुद्र येथून दिसत नाही. पण समुद्रावरील जहाजांची यंत्रे चालविणारी माणसे घडली ती येथेच. १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते या संस्थेला सन्मानाचा ध्वज देण्यात आला. संचलन झाले, भाषणे झाली. त्या गौरवाबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र येथे शिकून जहाजाच्या तळघरात, बॉयलर रूमच्या धगीत ऐन तारुण्य घालविलेल्या स्टोकरच्या फुप्फुसांत काय साठले, हा प्रश्न अशा समारंभांत बसणारा नव्हे. तो समारंभाबाहेर विचारावा लागतो.

वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत नळ्यांचे जाळे असते, आणि त्या नळ्यांवर उष्णतारोधक आवरण असते. नौदलाच्या भाषेत त्याला लॅगिंग म्हणतात. ‘दिल्ली’ (१९४८), ‘मैसूर’ (१९५७) आणि ‘विक्रांत’ (१९६१) या आपल्या नौदलाच्या मानबिंदू ठरलेल्या नौका ब्रिटनकडून घेतलेल्या होत्या. ज्या काळात त्या बांधल्या गेल्या, त्या काळात तेथील वाफेच्या जहाजांत लॅगिंगसाठी अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरला जात असे. झडपेची गळती काढायची तर आधी लॅगिंग फोडावे लागे. गॅस्केट खरवडून काढावी लागे, बॉयलरच्या दाराची दोरी बदलावी लागे. बंद जागेत उडालेली ती धूळ जाणार कोठे? ती काम करणाऱ्याच्या छातीत गेली.

ही धूळ मारते, पण सावकाश मारते. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे तिचे परिणाम वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. न्यूयॉर्कच्या डॉ. सेलिकॉफ यांनी १९६४ साली लॅगिंग कामगारांतील मृत्यूंचे प्रमाण जगापुढे मांडले. १९६८ साली हॅरीस यांनी ब्रिटिश नौदलाच्या डेव्हनपोर्ट गोदीतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्यावर लिहिले. म्हणजे ज्या नौदलाकडून आपण जहाजे घेतली, त्याच्याच गोदीतला हा बोभाटा होता. त्यानंतरही आपल्या ताफ्यातील वाफेची जहाजे वर्षानुवर्षे चालली, ‘विक्रांत’ तर १९९७ पर्यंत नौदलात होती. माहिती नव्हती, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९६८ साली अठराव्या वर्षी भरती झालेला आणि पंधरा वर्षांनी, १९८३ साली सेवामुक्त झालेला एक नौसैनिक डोळ्यांपुढे आणावा. बाहेर पडताना त्याचे वय तेहतीस आणि वैद्यकीय शेरा ‘तंदुरुस्त’. १९८२ च्या नियमावलीने सेवेनंतर उद्भवणाऱ्या रोगाचा विचार केला होता, हे मान्य करावे लागेल. सेवाकाळात सुरू झालेल्या प्रक्रियेचे उशिरा दिसलेले फळ म्हणून असा रोग सेवेशी जोडता येत होता. मात्र तो सेवामुक्तीनंतर सात वर्षांच्या आत उद्भवला पाहिजे, अशी अट होती. आपल्या नौसैनिकाची सात वर्षे १९९० साली संपली. त्याच्या छातीतल्या धुळीला ही मुदत कोणी कळविली नव्हती. तिने २०१३ साल उजाडेपर्यंत वाट पाहिली!

२००८ च्या नियमावलीने याहून मोठी करामत केली. एरवी दावेदाराला पुरावा मागितला जाणार नाही, असे तिच्यात प्रथम उदारपणे म्हटले आहे. पुढच्याच वाक्यात मात्र, सेवा संपून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर ठराविक मुदत संपून सेवेची कागदपत्रे नष्ट केली गेली असतील, तर सिद्धतेचा भार दावेदारावर राहील, असे सांगितले आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. कागद सरकारने लिहिले, सरकारने कुलपात ठेवले, सरकारनेच नष्ट केले. आणि ते नाहीत याची शिक्षा ज्याने ते कधी हाताळलेही नाहीत त्याला! सावकाराने खतावणी जाळून कुळाकडे पावती मागावी, त्यातला हा न्याय. २०२३ साली नवी नियमावली आली. पण २००८ नंतरच्या पंधरा वर्षांत जे निवृत्त झाले त्यांच्या माथी ते वाक्य मारून झालेच होते.

परदेशी उदाहरणांनी दिपून जाण्याची आवश्यकता नाही, तरी एक तुलना टाळता येत नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या दीड कोटीहून अधिक नस्त्या जळाल्या. तेथील माजी सैनिकांच्या न्यायालयाने १९९१ साली ठरविले की, कागद सरकारच्या ताब्यात असताना गेले असतील, तर सैनिकाला संशयाचा फायदा देण्याचे सरकारचे कर्तव्य अधिक वाढते. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात हा न्याय! तेथील माजी सैनिक खात्याने नौदलाच्या हुद्द्यांची यादीही केली आहे. कोणत्या हुद्द्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा संपर्क अल्प, कोठे संभवनीय, कोठे अतिसंभवनीय, हे तीत नोंदलेले असून बॉयलरवरील तंत्रज्ञ शेवटच्या वर्गात येतो. धूळ डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार तेथे शोधावा लागत नाही. अमुक माणूस अमुक जहाजावर अमुक काम करीत होता, ही सेवापुस्तिकेतील ओळच तेथे संपर्काचा आधार ठरते.

हीच गोष्ट येथे अशक्य आहे काय? नौसैनिकाच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ‘ब्युरो ऑफ सेलर्स’कडे असतात. त्याची शाखा, त्याची जहाजे, त्या जहाजांवरील तारखा या सेवेच्या साध्या नोंदी आहेत. कोणत्या जहाजावर कोठे कोणते आवरण होते, हे दुरुस्तीच्या कागदांवरून नौदलालाच ठाऊक. हे दोन कागद शेजारी ठेवण्याचे काम सरकारचे. गुप्ततेची ढाल पुढे करणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, ‘विक्रांत’ २०१४ साली दारूखान्यात तोडायला दिल्यावर तिच्या नळ्यांवर काय गुंडाळले होते, ही माहिती कोणत्या शत्रूपासून लपवायची आहे? तिच्या पोलादातून २०१६ साली बजाजच्या मोटारसायकली निघाल्या. पोलादाची वंशावळ जपली गेली. तिच्या बॉयलरवर घाम गाळणाऱ्यांची का जपू नये?

कारखान्यातील कामगाराने हा हक्क लढून मिळविला. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिथवर जपण्याचा आदेश दिला. रोगाची चाल ओळखूनच ही मुदत ठरली. इकडे भूदलात, निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या सैनिकाची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केल्याचे उत्तर सरकार न्यायालयांत वारंवार देत आले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसजन्य कर्करोग होता. पण सशस्त्र दलातील माणसाला तो कायदाच लागू नव्हता. घटनेच्या ३३व्या अनुच्छेदाच्या आधारे त्याचा संघटना-स्वातंत्र्याचा हक्कही मर्यादित केलेला. गणवेश चढविला म्हणून कष्टकरी हा कष्टकरी राहत नाही, अशी ही समजूत आहे. बॉयलरसमोर उभा असलेला स्टोकर गिरणीतल्या जॉबरपेक्षा वेगळ्या हवेत श्वास घेत नव्हता.

मग ‘तो विडी ओढत असे’ हे सरकारी डॉक्टरांचे ठेवणीतले उत्तर येते. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही. आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत धूम्रपान व अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणजे विडी हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या निर्दोषत्वाचा दाखला होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल तर गृहीतक सैनिकाच्या बाजूचे असते आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. हे तत्त्व सेवेनंतर तीस वर्षांनी उगवणाऱ्या रोगालाही लागू करा, सात वर्षांसारख्या मुदती अशा रोगांपुरत्या काढून टाका आणि वाफेच्या जहाजांवरील यंत्रशाखेचा एकही कागद नष्ट करू नका, या तीन मागण्या आहेत. यांत अवाजवी काय आहे?

तोवर मावळातील कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. लोणावळा, वडगाव, तळेगाव, देहूरोड येथील माजी नौसैनिकांकडे जाऊन डिस्चार्ज बुकातील जहाजांची नावे आणि तारखा उतरवून घ्याव्यात. त्याच जहाजावरचे सोबती हयात आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवावीत. ज्याला दम लागतो त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांकडून पूर्वीचा व्यवसाय लिहवून घ्यावा. तेथे केवळ ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले चालू देऊ नये. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येकाने आपल्या सेवेच्या व वैद्यकीय नोंदींची प्रत मागावी. उत्तरात ‘कागदपत्रे नष्ट’ असा शेरा आला, तर कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने आणि कोणाच्या सहीने नष्ट केली, हे दुसऱ्या अर्जाने विचारावे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दावा जाईल तेव्हा ते उत्तर दाव्याला जोडता येईल.