दहावा माणूस

दिवाळी अंकात एकटेपणावर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. चकल्यांच्या वासात ही उदास पुरवणी कुणाला हवी? परंतु आमच्याच चाळीची सोसायटी झाल्यापासून चार-पाच बिऱ्हाडांत एकेकटे माणूस उरले आहे. मुले बॉस्टनला किंवा सिडनीला. फराळाचा डबा कुरियरने जातो आणि चकली खुसखुशीत झाली होती की नाही, हे आईला फोनच्या पडद्यावर कळते. तेव्हा संकेत मोडतो, वाचकांनी क्षमा करावी.

विषय सुचला तो ठाण्यातल्या आमच्या बेने इस्रायली शेजाऱ्यांमुळे. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवून शनिवारी बैल सोडणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवलेले हे ज्यू लोक. घरात मराठी, आडनावाला ‘कर’. गेल्या वर्षी या शेजाऱ्यांची आई वारली, आणि त्यानंतर मी त्यांना सतत एकच हिशेब करताना पाहिले. सात झाले, आठ झाले, अजून दोन हवेत.

ज्यू मनुष्य प्रार्थना एकटाही करू शकतो. पण आईबापांसाठी अकरा महिने म्हणायची ‘कदिश’ एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ पंडित जमले तरी भागत नाही आणि दहावा अगदी अडाणी असला तरी चालतो! आमच्या घरातून प्रश्न आला, “आणि बायका? त्यांना काय आई नसते?” प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पंथाने १९७३ साली बायकांना या गणतीत घेण्याची मुभा दिली. ठाण्याचे ‘शाआर हाशमाईम’ प्रार्थनालय १८७९ चे. तिथली रीत जुनी.

कदिशची मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट अशी की, तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही. अरामी भाषेत नुसती ईश्वराची थोरवी आहे. ज्याचे माणूस गेले त्यानेच उभे राहून देवाची स्तुती करायची आणि भोवतालच्यांनी ‘आमेन’ म्हणायचे. ऐकणारा नसेल तर ते ‘आमेन’ कोण म्हणणार? म्हणून दहा. एखाद्या सायंकाळी आठच जण जमत, आणि शेजारी जिना चढता चढता सांगत, “आज आईचं राहिलं.” मी एकदा म्हणालो, “अहो, मी येतो की!” ते हसले. माझी गणती होत नाही. खरे सांगायचे तर तेव्हा जरा लागले.

सुतकाच्या सात दिवसांत मात्र मला कुणी अडवले नाही. घरचे आखूड बैठकीवर बसतात, आरसे झाकलेले असतात. भेटायला आलेल्याने आधी बोलायचे नाही. दुःखी माणूस तोंड उघडीपर्यंत गप्प बसायचे. आपल्याकडे दारातूनच “कसं काय झालं हो?” सुरू होते, त्यापेक्षा हे मला फार सभ्य वाटले. दफनानंतरचे पहिले जेवण घरचे नको, शेजाऱ्यांनी आणायचे. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पिठले-भाताचे पातेले आमच्याच घरून गेले.

मग या धर्माला एकांताचे वावडे आहे की काय? तसेही नाही. युक्रेनमधले ब्रेस्लाव्हचे रब्बी नाखमान (१७७२ ते १८१०) शिष्यांना सांगत की, रोज तासभर रानात किंवा शेतात एकटे जा आणि देवाशी आपल्या घरच्या यिडिश भाषेत मन मोकळे करा. पण तासभर! तिथेच राहायचे नाही. तालमूदमध्ये शिमोन बार योखाय यांची गोष्ट आहे. रोमनांच्या भीतीने ते मुलासह बारा वर्षे गुहेत अभ्यास करीत बसले. बाहेर आले तेव्हा शेत नांगरणारी साधी माणसे पाहून त्यांना इतका संताप आला की, नजर पडेल ते जळू लागले. आकाशवाणी झाली, माझे जग जाळायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा! आणखी बारा महिने गेले. एवढा ज्ञानी माणूस, पण देवानेच त्याला पुन्हा कोंडून घातले, ही गोष्ट लिहिणाऱ्यांची विनोदबुद्धी मला आवडते.

बेने इस्रायलांचा जिव्हाळ्याचा प्रेषित एलियाहू. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ करतात. हा एलियाहू एकदा जिवाला कंटाळून डोंगरातल्या गुहेत जाऊन बसला होता. सगळ्यांनी तुझा करार सोडला, मी एकटाच उरलो, अशी त्याची देवापाशी तक्रार. देवाने त्याला आल्या वाटेने परत धाडले, आणि जोडीला एक शिष्यही दिला. पुढच्या कथाकारांनी तर त्याला कायमचेच काम लावले आहे. ज्यू घरात मुलाची सुंता असली की एक खुर्ची एलियाहूसाठी रिकामी ठेवतात. जो म्हणाला कुणी उरले नाही, त्याने आता प्रत्येक बारशाला हजर राहायचे.

१९४८ नंतर हा समाज बहुतेक इस्रायलला गेला. कोकणातल्या काही प्रार्थनालयांत आता सणासुदीलाच माणसे दिसतात. आमचे शेजारी मागे राहिले, कारण विचारले तर म्हणतात, “आईला इथली मासळी लागायची.”

परवा तिची पहिली पुण्यतिथी होती. सायंकाळी मीही प्रार्थनालयाच्या पायरीवर उभा होतो, गणतीबाहेरचा. आत नऊ जण. दहावा डोंबिवलीहून निघालेला, आणि लोकल कळव्याला अडकलेली. एकजण घड्याळ पाहू लागला तसे शेजारी म्हणाले, “येईल हो. निघालाय म्हटल्यावर येईल.” पावणेआठला तो धापा टाकीत आला. त्याला कुणी उशिराबद्दल बोलले नाही. एकाने पुस्तक हाती दिले आणि पान उघडून दिले.