चौदा दिवसांचा कायदा आणि चौदा महिन्यांनी येणारे चलन

वेगमर्यादा मोडणाऱ्या वाहनचालकास दंड व्हावा की होऊ नये, हा ह्या लेखाचा विषय नाही. तो झालाच पाहिजे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. एकट्या महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा १५,२२४ होता. मेलेल्यांत सर्वांत मोठी संख्या दुचाकीस्वारांची, त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांची. साक्रीहून कोंडाईबारीच्या घाटाकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या आदिवासी बाईला संरक्षण देणारा जो काही कायदा ह्या देशात आहे, त्यात वेगमर्यादेचा क्रमांक बराच वर लागतो. तेव्हा जो कोणी वेगाच्या दंडाविरुद्धच ओरड करतो, तो आपला मित्र नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रश्न आहे तो हा दंड येतो केव्हा, कोणत्या वाटेने येतो आणि कोणाच्या खिशातून जातो, हा.

पिंपळनेरसारख्या गावात निवृत्त मास्तराच्या ओट्यावर लोक कागद वाचून घ्यायला येतात. पूर्वी सातबाराचे उतारे आणि पतपेढीच्या नोटिसा येत. आता चलने येतात. त्यांची कहाणी बहुधा एकसारखी असते. कांदा वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा मालक गाडीच्या पासिंगसाठी परिवहन कार्यालयात जातो. तिथे खिडकीवरचा माणूस संगणकात पाहून सांगतो की गाडीवर चलने थकली आहेत, आधी ती भरा. कोणती चलने? चौदा महिन्यांपूर्वी अमुक रस्त्यावर अमुक वेग. ह्या चौदा महिन्यांत त्याच्या घरी ना पोस्टमन आला, ना पोलीस. संदेश गेला असेल तर तो गेला गाडीच्या पहिल्या मालकाच्या मोबाईलवर, नाहीतर नोंदणीच्या वेळी ज्या दलालाने कागद भरले त्याच्या मोबाईलवर. कारण दलाल अशा ठिकाणी स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. कधी गाडी विकली गेलेली असते, पण नाव लागलेले नसते. कधी कॅमेऱ्याने पाटीवरचा ३ हा ८ वाचलेला असतो आणि जी गाडी त्या दिवशी घराबाहेर पडलीच नव्हती, तिच्या नावावर दंड चढतो. कागद घेऊन येणाऱ्याला रागापेक्षा भीती अधिक असते. त्याला वाटते की सरकारच्या यंत्राने लिहिले आहे, त्याअर्थी ते खरेच असणार.

आमचे सुशिक्षित मित्र ह्यावर म्हणतात, "गुन्हा केला ना? मग दंड आज आला काय आणि दोन वर्षांनी आला काय, भरायला नको?" हा युक्तिवाद वरवर नैतिक दिसतो. वस्तुतः तो कायदा न वाचल्याचे लक्षण आहे.

मोटारवाहन कायदा, १९८८ ह्यात कलम २०९ म्हणून एक कलम आहे. त्याची चर्चा वर्तमानपत्रांत क्वचितच दिसते. त्याचा आशय असा : अतिवेगाच्या (कलम १८३) अथवा धोकादायक रीतीने वाहन चालवल्याच्या (कलम १८४) गुन्ह्याबद्दल कोणालाही दोषी ठरवायचे असेल, तर एकतर त्याला जागच्या जागी तशी ताकीद दिलेली असली पाहिजे, नाहीतर गुन्ह्यापासून चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व ठिकाण सांगणारी नोटीस त्याला किंवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली अथवा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असली पाहिजे, तेही नसेल तर अठ्ठावीस दिवसांत समन्स पोचलेले असले पाहिजे. तिन्हींपैकी एकही झालेले नसेल तर शिक्षा नाही. अपवाद दोनच. वाजवी प्रयत्न करूनही चालकाचे वा मालकाचे नाव-पत्ता वेळेत सापडण्याजोगा नव्हता, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोचली नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे.

हे कलम काही कोणा दयाळू मंत्र्याने दिलेली भीक नव्हे. ब्रिटनच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यातही चौदा दिवसांच्या सूचनेचे असेच बंधन होते आणि तिथे ते आजही पाळले जाते. त्यामागचा विचार साधा आहे. वेगाचा गुन्हा काही सेकंदांत घडतो आणि संपतो. त्या दिवशी गाडी कोण चालवीत होते, पुढे काय होते, पाटी दिसत होती की नव्हती, हे माणसाला पंधरवडाभर आठवते. वर्षानंतर आठवत नाही. विस्मरण झालेल्या माणसावर आरोप ठेवणे म्हणजे त्याचा बचाव आधीच काढून घेणे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कॅमेऱ्याने होणाऱ्या कारवाईसाठी नियम १६७अ घातला. त्यातही नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असे बंधन घातले. (मूळ कायदा चौदा म्हणतो आणि त्याच्या पोटातला नियम पंधरा म्हणतो, आमचे कायदे लिहिणारे आपलेच कायदे वाचतात की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशी विचारावा.) त्याच नियमाने हेही सांगितले की यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, ते दरवर्षी नव्याने घ्यावे, आणि पुढे कॅमेरा आहे असे सांगणारी पाटी रस्त्यावर ठळकपणे लावावी.

एवढे सगळे असताना चौदा महिन्यांची चलने वसूल होतात तरी कशी? इथे नोकरशाहीची खरी हिकमत दिसते. ज्याला आपण चलन म्हणतो तो न्यायालयाचा दंड नसतोच मुळी. कलम २०० खाली शासन म्हणते, "आम्ही खटला भरत नाही, तुम्ही इतकी रक्कम भरा आणि मिटवून टाका." तो तडजोडीचा प्रस्ताव असतो. तडजोड नाकारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्याने नाकारली तर सरकारने न्यायालयात जायचे, आणि न्यायालयात गेल्याबरोबर कलम २०९ उभे राहते. शिवाय नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घेण्यास फौजदारी प्रक्रियेत सहा महिन्यांची मुदत आहे. ती १९७३ च्या संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती आणि २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. सबळ कारण असेल तर न्यायालय ही मुदत शिथिल करू शकते, पण कारण सरकारने द्यायचे असते. म्हणूनच सरकार न्यायालयात जातच नाही. ते पासिंगच्या खिडकीवर जाऊन बसते. ज्याचे पोट गाडीच्या चाकावर आहे तो पासिंगवाचून चार दिवस काढू शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. तो भरतो. त्याने भरले की 'तडजोड स्वेच्छेने झाली' अशी नोंद होते.

दुसरी वाट लोकअदालतीची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. गरिबाला स्वस्त व जलद न्याय मिळावा हा त्याचा हेतू. त्या हेतूबद्दल आम्हाला आदर आहे. पण लोकअदालतीत गुणदोषांवर निवाडा होत नसतो, समेट होतो. आणि एकदा समेट झाला की त्याविरुद्ध अपील नाही. अशा ठिकाणी जुन्या चलनांच्या गठ्ठ्यासह शेकडो माणसांना नोटिसा पाठवून बोलवायचे आणि रक्कम थोडी कमी करून सह्या घ्यायच्या, ह्यात समेट कसला? कांद्याच्या दिवसांत पिंपळनेरहून साक्रीला पंचवीसेक किलोमीटर जायचे, दिवस मोडायचा, आणि जो दंड कायद्याने टिकलाच नसता तो सवलतीत भरून आभार मानत परत यायचे!

"पण मालकाने आपला मोबाईल क्रमांक अद्ययावत का केला नाही?" हा दुसरा आक्षेप. त्यात थोडे तथ्य आहे. गाडी घेतल्यावर नाव लावून घेणे हे घेणाऱ्याचे व विकणाऱ्याचे, दोघांचेही कर्तव्य आहे आणि आपल्याकडे त्यात कमालीची ढिलाई चालते. परंतु कायदा मोबाईलविषयी बोलत नाही, रजिस्टर पोस्टाविषयी बोलतो. नोंदणीपुस्तकात पत्ता आहे. तो पत्ता शासनाच्याच दप्तरात आहे. जे शासन विम्याची वा कराची मुदत टळल्याचे क्षणात हुडकून काढते, त्याला नोटिशीपुरता पत्ता सापडू नये, हे पटण्यासारखे नाही. यंत्राची चूक, दप्तराची चूक, टपालाची चूक, ह्या तिन्हींचा बोजा नागरिकावर आणि जमा मात्र तिजोरीत, असा हा व्यवहार आहे. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाने हाच प्रकार झाला. गरिबांना दिलेल्या साहाय्याची थकबाकी संगणकाने काढली आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. सरकारला पैसे परत करावे लागले आणि २०२३ साली तिथल्या शाही आयोगाने त्या योजनेचे पुरते वाभाडे काढले.

आता अर्थशास्त्राबद्दल दोन शब्द, कारण आमच्या विषयाच्या नावावर बरेच काही खपवले जाते. शिकागोच्या गॅरी बेकर ह्यांनी १९६८ साली गुन्ह्याचे जे गणित मांडले, त्यात दंड किती आणि पकडले जाण्याची शक्यता किती ह्या दोन राशींना मान आहे. आमच्या राज्यकर्त्यांनी त्यातली पहिलीच राशी उचलली : २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. हलक्या वाहनाच्या अतिवेगाला एक ते दोन हजार, मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार. परंतु इटलीच्या बेकारियाने त्याच्या दोनशे वर्षे आधी, १७६४ साली, तिसरी गोष्ट सांगून ठेवली होती : शिक्षा गुन्ह्याच्या जितकी जवळ, तितकी ती परिणामकारक. जून महिन्यात वेग वाढवणाऱ्याला जूनमध्येच कागद मिळाला तर जुलैत त्याचा पाय ब्रेकवर जातो. त्याला काहीच कळले नाही तर त्याच कॅमेऱ्याखालून तो महिनाभरात पाच वेळा तसाच जातो आणि वर्षाने त्याच्यापुढे दहा हजारांचा आकडा येतो. ह्या पाच खेपांत रस्त्यावरचे कोणाचे आयुष्य सुरक्षित झाले? दंडाची भीती निर्माण झाली नाही, फक्त कर वसूल झाला. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या त्या बाईचा विश्वासघात झाला तो इथे.

आणि हा कर भरतो कोण? २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. दोन हजारांचे एक चलन म्हणजे त्या दराने सहा दिवसांहून अधिक मजुरी; दहा हजार म्हणजे महिन्याची. पुण्यामुंबईच्या मोटारवाल्याला तेच दोन हजार म्हणजे एका जेवणाचे बिल. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंडाची पद्धत आहे. तिथे २००२ साली नोकिया कंपनीच्या एका संचालकाला पन्नासच्या हद्दीत पंच्याहत्तरच्या वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरोंचा दंड झाला. पुढे अपिलात तो बराच कमी झाला, पण तत्त्व कायम राहिले. आमच्याकडे हे तत्त्व सुचवले की लगेच ते अव्यवहार्य ठरते. उत्पन्नाची माहिती करासाठी असते, शिधापत्रिकेसाठी असते, दंडासाठी मात्र नसते!

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप पुकारला. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढू नयेत, असे परिपत्रक वरिष्ठांना काढावे लागले. ह्यावरून कारभार कसा चालला होता ते दिसते. पण संपातली मागणी मालकांची होती. ड्रायव्हर त्यात कुठे होता? कलम १८३ नुसार, हाताखालच्या चालकाला वेगाने गाडी हाकायला लावणारा मालकही तितकाच दोषी आहे. प्रत्यक्षात लिलावाच्या वेळेआधी माल पोचला पाहिजे म्हणून फोनवर फोन मालक करतो आणि चलन आले की ते कापले जाते ड्रायव्हरच्या पगारातून. वेग हा स्वभावदोष कमी आणि बाजाराचा हुकूम अधिक, हे पिंपळनेरच्या कांद्याच्या उपबाजारात सकाळी उभे राहिल्यास कोणालाही दिसेल. त्याच बाजारातल्या काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. तो नसेल तर आडत्यावर कारवाई होते. गाडीचा वेग मोजणाऱ्या रडारला तसा शिक्का सक्तीचा करणारे केंद्राचे नियम मात्र एप्रिल २०२५ मध्ये निघाले आणि अंमलासाठी १ जुलै २०२५ ही तारीख ठरली. तोवर मोजलेल्या वेगांच्या वसुलीचे काय, ह्याबद्दल कोणी ब्र काढलेला नाही.

आपल्या मागण्या त्यामुळे संपवाल्यांच्या मागण्यांहून वेगळ्या असल्या पाहिजेत. चलने सरसकट माफ करा असे आपण म्हणू नये. ज्या चलनाची नोटीस मुदतीत पाठवल्याचा पुरावा नाही ते शासनाने स्वतः होऊन रद्द करावे. अशा चलनापायी पासिंग अडवू नये. आणि जे मुदतीत बजावले गेले ते मात्र सक्तीने वसूल करावे, मग गाडी आमदाराची असो की आडत्याची.

कार्यकर्त्यांना कामही आहे. पुढच्या लोकअदालतीच्या दिवशी साक्रीच्या न्यायालयाबाहेर सकाळीच एक टेबल मांडावे. कलम २०९ चा मराठी मजकूर ठळक अक्षरांत छापून ठेवावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : गुन्ह्याची तारीख, नोटीस पाठवल्याची तारीख, आणि त्या वेळी गाडी कोणाच्या नावावर होती. ज्याला तडजोड करायची त्याने खुशाल करावी, पण सही करण्याआधी आपल्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे. रजिस्टर पोस्टाची पोच आणि कॅमेऱ्याचे त्या वर्षीचे प्रमाणपत्र, ह्या दोन कागदांची मागणी माहितीच्या अधिकाराखाली करता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. अर्जाचे कोरे नमुने टेबलावर ठेवावेत आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज तिथेच भरून द्यावा.