व्याजाला पाप म्हणणारे अडाणी नव्हते

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्राने व्याजाला पाप ठरवले, याला हसण्याची प्रथा आहे. चर्चला अर्थशास्त्र कळत नव्हते, एवढे म्हटले की विषय संपतो. सोलापूर जिल्ह्याने तरी हसू नये.

११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफन नाकारले. मात्र चर्चच्या विधिज्ञांनी एक बारीक भेदही केला. केवळ कर्ज दिले म्हणून घेतलेली वाढ निषिद्ध. कर्ज वेळेत न फिटल्याने धनकोचे खरोखर नुकसान झाले असेल, तर भरपाई रास्त. ‘इंटरेस्ट’ हा शब्द या भरपाईच्या लॅटिन संज्ञेतून आला. म्हणजे कागदावरच्या आकड्यामागचा व्यवहार तपासणे आले. (याच विचाराने ज्यू सावकारांविषयीच्या द्वेषालाही खतपाणी घातले; ते झाकण्याचे कारण नाही.)

पुढे इंग्लंडने बंदीची मर्यादा केली: १५४५ मध्ये शेकडा १०, अठराव्या शतकात शेकडा ५. १८५४ मध्ये तीही गेली, आणि १८५५ च्या २८ व्या कायद्याने हिंदुस्थानातही कराराचा दर हाच न्याय ठरला.

दख्खनेत दामदुपट होते: थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करायचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंपुरते ते मानीतही. पण १८५९ च्या कायद्याने साध्या रोख्याच्या दाव्याची मुदत ३ वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या भल्याचा, घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, साचलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसे आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. न्यायालय रोखा पाही, निशाणी पाही, आणि बहुधा एकतर्फी हुकूमनामा देई. याला ‘कराराचे स्वातंत्र्य’ म्हणतात!

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यात उठाव झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत कर्जरोखे जाळले गेले. मग १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, नगर, सातारा यांच्याबरोबर सोलापूरलाही लागू झाला. त्याच्या कर्त्यांनी चर्चचे ग्रंथ समोर ठेवले होते, असा दावा कोणी करू नये. पण ज्या सरकारने १८५५ मध्ये व्याजाची मर्यादा कालबाह्य ठरवली, त्यानेच २४ वर्षांनी न्यायाधीशांना रोख्यामागे जाऊन पहिल्या व्यवहारापासूनचा हिशेब काढायला बसवले: कुणब्याच्या हाती मुळात रुपये पडले किती?