श्रम हवेत, माणूस नको : अमेरिकेच्या सीमेचे राजकारण आणि आपण

२०२४ ची अमेरिकेची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकली आणि आपल्याकडे लगेच सूर लागला, "नेता असावा तर असा. घुसखोरांना सरळ हाकलून लावणारा." शाखेत वाढलेल्यांनी हे म्हटले तर आश्चर्य नाही. पण डीपीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारी आपली काही पोरेही हेच फॉरवर्ड करतात, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सरळ आहे. अमेरिकेच्या निवडणुकीत 'सीमा सुरक्षा' या नावाखाली जे विकले जाते, त्यात सुरक्षा थोडी आणि वर्चस्व जास्त आहे. ज्याचे श्रम समाजाला हवे आहेत त्याला माणूस म्हणून हक्क द्यायचे की नाहीत, हा तिथला खरा प्रश्न आहे. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गावगाड्याला महाराचे काम हवे होते. मेलेले ढोर ओढायला, वेशीची राखण करायला, सरकारी निरोप पोचवायला तो लागायचा. पण पाणवठा त्याचा नव्हता, देऊळ त्याचे नव्हते, घर गावाबाहेर होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच कारणासाठी. राबवून घ्यायचे पण बरोबरीला बसू द्यायचे नाही, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती.

आता अमेरिकेकडे पाहा.

१६ जून २०१५ रोजी ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली तीच मेक्सिकन स्थलांतरितांना गुन्हेगार आणि बलात्कारी ठरवत. मग 'भिंत बांधू आणि पैसे मेक्सिकोकडून घेऊ' ही घोषणा आली. मेक्सिकोने भिंतीसाठी एक पैसा दिला नाही. सुमारे ३,१०० किलोमीटरच्या सीमेवर पहिल्या कारकिर्दीत साधारण ७३५ किलोमीटर भिंत झाली आणि त्यातली बहुतेक जुन्या कुंपणाच्या जागीच उभी राहिली. भिंत अपुरी राहिली, पण मते पुरेशी मिळाली.

२०२४ मध्ये तर सोंग पूर्ण उघडे पडले. डिसेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर एका महिन्यात जवळपास अडीच लाख लोक पकडले गेले. गर्दी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. त्यावर सिनेटमध्ये रिपब्लिकन लँकफर्ड, डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष सिनेमा यांनी मिळून एक कडक विधेयक तयार केले. ज्याला सीमेची खरोखर काळजी आहे त्याने काय केले असते? ट्रम्प यांनी आपल्या पक्षाला ते पाडायला सांगितले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पडले. प्रश्न सुटला असता तर प्रचाराला उरले काय असते? सप्टेंबर २०२४ पर्यंत हा मासिक आकडा सुमारे ५४ हजारांवर आला होता. तरी प्रचार चालू होता 'आक्रमणा'चाच. रोग ओसरत असतानाही वैद्य ओरडत राहिला, कारण त्याला औषध विकायचे होते.

फेंटानिल या जीवघेण्या नशेचेही तेच. स्थलांतरित ती पाठीवर लादून आणतात, असे चित्र उभे केले गेले. पण अमेरिकेच्याच शिक्षा आयोगाची २०२१ ची आकडेवारी सांगते की फेंटानिलच्या तस्करीत शिक्षा झालेल्यांपैकी ८६ टक्के लोक अमेरिकन नागरिक होते. हा माल प्रामुख्याने पकडला जातो तो अधिकृत नाक्यांवर, गाड्यांमध्ये.

१० सप्टेंबर २०२४ च्या वादचर्चेत ट्रम्प म्हणाले की ओहायोतल्या स्प्रिंगफिल्ड गावात बाहेरून आलेले लोक रहिवाशांची कुत्री-मांजरे खातात. रोख हैतीहून आलेल्या काळ्या लोकांवर होता. गावच्या प्रशासनाने सांगितले, असा कोणताही पुरावा नाही. यातले बहुसंख्य लोक तिथे कायदेशीर परवानगीने राहत होते, कारखान्यांत काम करत होते. तरी अफवा थांबली नाही. बॉम्बच्या धमक्यांमुळे गावातल्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. हैती म्हणजे १८०४ साली गुलामांनी स्वतः लढून स्वतंत्र केलेला देश. त्यांच्या लेकरांना 'काय खातात' यावरून घाणेरडे ठरवले गेले. माणसाच्या ताटावरून त्याची लायकी ठरवण्याची ही विद्या कुणाच्या ओळखीची आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता पोटाचा हिशोब पाहू. अमेरिकेच्या शेतात पीक काढणाऱ्या मजुरांपैकी साधारण ४० टक्क्यांकडे कायदेशीर कागद नाहीत. तिथल्या एका कर-अभ्यास संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०२२ साली कागद नसलेल्यांनी सुमारे ९७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५ अब्जांहून अधिक अशा पेन्शन योजनेत गेले, जिचा लाभ त्यांना मिळणार नाही. कर चालतो, माणूस चालत नाही.

हे आजचे नाही. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने कामगारांना संघटनेचा हक्क दिला, १९३८ साली किमान वेतन दिले. दोन्ही कायद्यांतून शेतमजूर वगळले होते, कारण दक्षिणेतल्या शेतात आणि घरात राबणारे बहुतांश काळे होते आणि दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांना ते बरोबरीला नको होते. १९४२ पासून १९६४ पर्यंत करार करून मेक्सिकन मजूर आणले गेले, आणि त्याच काळात, १९५४ साली, मेक्सिकन लोकांना पकडून सीमेपार फेकण्याची मोठी मोहीमही निघाली. एका हाताने बोलवायचे, दुसऱ्या हाताने हाकलायचे. दोन्ही हात एकाच मालकाचे. हाकलले जाण्याची भीती असलेला मजूर मजुरी वाढवून मागत नाही, युनियन करत नाही, मुकादमाविरुद्ध तक्रार करत नाही. भीती हाच त्याच्या स्वस्ताईचा पाया आहे.

पुरावा हवा असेल तर जून २०२५ पाहा. धाडी सुरू झाल्यावर शेतमालक आणि हॉटेलमालक ओरडू लागले. तेव्हा ट्रम्प यांनीच जाहीरपणे मान्य केले की जुने, चांगले कामगार निघून जात आहेत. शेतांवरच्या आणि हॉटेलांमधल्या धाडी थांबल्या आणि काही दिवसांत पुन्हा सुरू झाल्या. देशाला धोका असलेला माणूस एका आठवड्यात 'चांगला कामगार' आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'घुसखोर' कसा होतो?

डेमोक्रॅटिक पक्ष तारणहार आहे असेही समजू नका. ओबामांच्या आठ वर्षांत तीस लाखांच्या आसपास लोक देशाबाहेर पाठवले गेले. कमला हॅरिस यांनी २०२१ मध्ये ग्वाटेमालात जाऊन लोकांना बजावले की येऊ नका, आणि २०२४ मध्ये आपण ते कडक विधेयक मंजूर करू असे वचन दिले. समोरच्याने भीती विकायला काढली तेव्हा यांनी त्याच मालाचे छोटे दुकान थाटले. ज्याला भीतीच घ्यायची आहे तो मोठ्या दुकानात जाणार, हे निकालाने दाखवले.

ट्रम्प आणखी एक बोलले. जून २०२४ च्या चर्चेत ते म्हणाले की स्थलांतरित लोक 'काळ्यांच्या नोकऱ्या' हिरावत आहेत. खालच्याला त्याच्याही खालच्याशी भिडवायचे, हा डाव आपण ओळखतो. जातिव्यवस्था राबणाऱ्यांना एकमेकांपासून तोडते आणि प्रत्येकाला कुणीतरी खालचा दाखवून गप्प बसवते, हे बाबासाहेबांनीच आपल्याला समजावले. शेजारच्याचे हक्क काढून घेतल्याने काळ्या मजुराची मजुरी वाढत नाही. ती वाढते दोघांना सारखे हक्क मिळाले तर.

आता आपल्या सवर्ण अनिवासी बंधूंकडे वळू. यांची कथा जुनी आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' माणसालाच मागता येत होते, किंवा आफ्रिकी वंशाच्याला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या थिंड यांच्या बाजूने काय मांडले गेले? वंशभेद अन्यायाचा आहे, असे नाही. आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असे मांडले गेले. इथल्या मूळ निवासींना उच्चवर्णीय तसेच लेखतो जसे गोरा काळ्याला लेखतो, हेसुद्धा पात्रतेचा पुरावा म्हणून पुढे केले गेले. न्यायालयाने ते फेटाळले आणि आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचेही काढून घेतले गेले. जातीची शिडी लावून गोऱ्यांच्या माडीवर चढता येत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरले.

मग दार उघडले कुणी? १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्कांचे कायदे काळ्या जनतेने रस्त्यावर रक्त सांडून मिळवले. त्याच लाटेत ऑक्टोबर १९६५ मध्ये वंशावर आधारलेला कोटा रद्द करणारा स्थलांतर कायदा झाला. आजचा भारतीय डॉक्टर, इंजिनिअर तिथे पोचला तो या दारातून. आणि आत गेल्यावर केले काय? २०१६ मध्ये दिल्लीत हिंदू सेनेने ट्रम्प यांच्या विजयासाठी होम केला, त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या हिंदू मेळाव्यात ट्रम्प यांचा जयजयकार झाला. २०१९ ला ह्यूस्टनचे स्टेडियम भरले. कॅलिफोर्नियात अफगाण निर्वासितांच्या घरात जन्मलेल्या आयशा वहाब यांनी जातिभेदाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा हिंदू संघटनांनी त्याविरुद्ध जोर लावला. ते सभागृहात मंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून अडवले. स्वतःसाठी दार उघडे हवे आणि जात सोबत नेण्याचे स्वातंत्र्यही हवे!

फळ काय मिळाले? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की ही त्यांची जुनीच कार्यपद्धती आहे. शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर आदेश काढला होता. त्याचा निशाणा कागद नसलेल्यांच्या मुलांवर तर होताच, पण तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांवरही होता. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क आले. या व्हिसाधारकांत ७० टक्क्यांहून अधिक भारतीय आहेत. होमाचा धूर शेवटी डोळ्यांत गेलाच.

"पण कायदा म्हणजे कायदा. बेकायदेशीर आलेल्याला काढायलाच हवे," असे आपलेच काही संविधानवादी मित्र म्हणतील. त्यांना मी दोन गोष्टी सांगेन.

पहिली, अमेरिकेचाच १९८० चा निर्वासित कायदा सांगतो की त्या भूमीवर पोचलेला माणूस, कोणत्याही मार्गाने आलेला असो, आश्रयासाठी अर्ज करू शकतो. म्हणजे ज्यांना सरसकट बेकायदेशीर म्हटले जाते त्यांच्यातले अनेक जण कायद्याने दिलेला हक्कच मागत आहेत. महाडच्या तळ्यावर डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाची मनाई होती. बाबासाहेबांनी ती पाळली, पण म्हणून स्पृश्यांचा दावा न्याय्य मानला नाही. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत ते लढले. कायदा पाळणे आणि अन्यायापुढे मान तुकवणे यातला फरक तिथे शिकावा.

दुसरी, आपले संविधान उघडून अनुच्छेद १४ आणि २१ वाचा. समानतेचे आणि जीविताचे संरक्षण तिथे 'व्यक्ती'ला दिले आहे, फक्त नागरिकाला नाही. अमेरिकेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती गुलामीतून सुटलेल्या काळ्या जनतेसाठी झाली. जन्माने नागरिकत्व तिनेच दिले आणि कायद्याचे समान संरक्षणही तिने प्रत्येक व्यक्तीला दिले. देशाला सीमा असते, ती राखण्याचा अधिकारही असतो. पण सीमेवर उभा असलेला माणूस माणूसच असतो. सुनावणी न देता, साखळदंड घालून, लेकरांपासून तोडून त्याला फेकून देण्याचा अधिकार कुठल्याच निवडणुकीत कुणाला मिळत नाही.

आणि शेवटी आपल्या घराकडे पाहा. कागद कुणाकडे नसतात? पिढ्यान्‌पिढ्या जमीन असलेल्याकडे असतात. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांकडे, ऊसतोडीला गाव सोडून जाणाऱ्याकडे, पुरात झोपडी गेलेल्याकडे नसतात. 'कागद दाखव' हा खेळ एकदा मान्य केला की पहिला बळी आपलाच आहे.

१९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे संयुक्त राष्ट्रांकडे आपली कैफियत मांडत होते आणि बाबासाहेबांना त्यात अस्पृश्यांचा मार्ग दिसत होता. आपली परराष्ट्रनीती तिथे लिहिलेली आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत जरूर जा, बाबासाहेबही गेले होते. पण तिथे गेल्यावर उभे राहायचे ते काळ्या कामगाराशेजारी, शेतात वाकलेल्या मेक्सिकन बाईशेजारी. आणि इथे बसून तो घुसखोरांचा मेसेज पुढे ढकलण्याआधी एकदा विचारा, उद्या 'बाहेरचा' म्हणून बोट दाखवले जाईल तेव्हा ते कुणाकडे असेल?

जयभीम!